आजीचा चष्मा सुटतो तेव्हा

निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात डोळ्यांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. वीस वर्षं चष्म्याशिवाय एक ओळ न वाचलेली आजी सत्तरीच्या आसपास चष्मा बाजूला ठेवते आणि ‘तरुण भारत’मधला बारीक मजकूर सरळ वाचायला लागते. तांदूळ निवडते, सुईत दोरा ओवते. घरच्यांना कौतुक वाटतं. जुन्या काळचं तूप अंगी लागलंय, असं शेजारीपाजारी म्हणतात. त्याच आजीला गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस कोण म्हणून विचारलं, तर मात्र ती त्याचा आवाज येईपर्यंत थांबते.

दोन्हींचं कारण एकच आहे. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा वयाबरोबर दाट होत जातो. दाट झालेलं भिंग प्रकाश जास्त वाकवतं आणि डोळ्याचा नंबर उणे बाजूला सरकतो. वाचायला लागणारा अधिक नंबर त्यात फिटून जातो, म्हणून जवळचं दिसतं. आणि तेवढंच दूरचं धूसर होतं. हे सुख काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं टिकतं. मग जवळचंही पुसट व्हायला लागतं. ज्याचं कौतुक झालं, ती मोतीबिंदूची सुरुवात होती.

“म्हातारपणी असंच असतंय” या एका वाक्यात आपण डोळ्यांच्या चार-पाच निराळ्या गोष्टी कोंबतो. त्यातल्या काही निव्वळ वयाच्या आहेत. चष्म्याने आणि चांगल्या दिव्याने भागतात. एक आजार असा आहे की गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. आणि दोन-तीन असे, की गेलं ते गेलंच, फक्त उरलेलं राखता येतं. कुठली तक्रार कुठल्या खान्यातली हे घरच्या माणसाला उमगलं तर पुष्कळ नजर वाचेल, असं मला मनापासून वाटतं. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशी यांच्याबरोबर निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्यांपैकी जे तेव्हा पंचविशी-तिशीत होते, ते आज सत्तरीच्या घरात किंवा पुढे आहेत. हा प्रश्न त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलेला आहे.

चाळिशी आणि मांडीवरचं सूप

डोळ्यात प्रकाश वाकवणाऱ्या दोन गोष्टी असतात. बुबुळावरचा पारदर्शक थर, म्हणजे पारपटल, दोन तृतीयांश काम करतो. पण त्याचा आकार ठरलेला असतो. उरलेलं काम आतलं भिंग करतं आणि त्याची खुबी अशी की ते आपला आकार बदलतं. भिंगाभोवती स्नायूचं एक कडं आहे. या कड्याला भिंग बारीक तंतूंनी टांगलेलं असतं. दूर पाहताना स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले असतात, भिंग चपटं राहतं. जवळ पाहायचं म्हटलं की स्नायू आवळतो, कड्याचा घेर कमी होतो, तंतू सैलावतात आणि भिंग आपल्या अंगच्या लवचिकपणाने फुगीर होतं.

हा लवचिकपणा जन्मापासूनच कमी होत असतो, आपल्याला कळतो मात्र उशिरा. दहा वर्षांचं पोर नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षर वाचू शकतं. चाळिशीत ती हद्द वीस-पंचवीस सेंटिमीटरवर जाते आणि साठीत जवळपास मीटरभर. हातात धरलेला कागद दूर दूर न्यावा लागतो, शेवटी हात पुरत नाही. स्नायू चांगला असतो, डोळा निरोगी असतो, फक्त भिंग आता फुगत नाही. म्हणून डोळ्यांच्या व्यायामाने चाळिशी जाते असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हीही समजूत खोटी. चष्मा लावला नाही तरी भिंग कडक व्हायचं ते होणारच.

निपाणीच्या गल्ल्यांतून दुपारी फिरलं तर दाराशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. भिजवलेलं पान मापाने कापायचं, चिमटीने तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि तोंडाची घडी नखाने आत दाबायची. सगळा कारभार डोळ्यांपासून फूट-सव्वा फुटावर चालतो. मजुरी हजारामागे मिळते आणि सैल वळलेली, घडी सुटलेली विडी तपासणीत बाद होते. चाळिशी उलटलेल्या बाईचा हात तितकाच तयार असतो, पण घडी दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपून काम करावं लागतं. वेग उतरतो. बाई म्हणते, आता होत नाही पहिल्यासारखं, आणि घरचेही ते मान्य करून टाकतात.

याच प्रकारच्या कामावरचा एक नीट केलेला प्रयोग आसामच्या चहामळ्यांत झाला आणि 2018 साली प्रसिद्ध झाला. चाळिशीपुढच्या पानं खुडणाऱ्या मजुरांपैकी काहींना साधा जवळचा चष्मा दिला, काहींना तो नंतर द्यायचं ठरवलं. चष्मा मिळालेल्यांची खुडणी इतरांच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. विडी वळणं हे पानं खुडण्यापेक्षाही बारीक काम आहे. वाचता येत नाही, मग चष्मा कशाला, असं ज्या बायकांच्या बाबतीत घरात म्हटलं जातं, त्यांना तो सगळ्यांत आधी मिळायला हवा. त्यांच्या रोजीचा तो भाग आहे.

उजेड कुठे जातो

साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. दिवा तोच, खोली तीच. बाहुली वयाबरोबर लहान होत जाते आणि अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही. भिंग पिवळसर झालेलं असतं, तेही थोडा प्रकाश अडवतं. नातवाला लख्ख वाटणारी खोली आजोबांना संध्याकाळची वाटते ती यामुळे.

पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी सुमारे 60 लाख, आणि मंद उजेडात कामाला येणाऱ्या दंडपेशी सुमारे 12 कोटी. वयाबरोबर आधी घटतात त्या दंडपेशी. शिवाय लख्ख उजेडाने खर्ची पडलेलं त्यांच्यातलं रंगद्रव्य पुन्हा भरून यायला म्हातारपणी जास्त वेळ लागतो. करंट गेला की तरुण माणूस थोड्याच वेळात चाचपडणं थांबवतो. म्हाताऱ्याला बराच वेळ काही दिसत नाही. रात्री तवंदी घाटात समोरून ट्रकचा झोत आला की तो गेल्यावरही रस्ता काळाच राहतो, त्यातही हेच आहे. भिंगात गढूळपणा असेल तर झोत डोळ्याच्या आत विखुरतो आणि सगळी दृष्टीच पांढरी होऊन जाते. पासष्टीनंतर ज्यांना हे जाणवतं, त्यांनी रात्रीचं गाडी चालवणं सोडावं. इथे भिडस्तपणा नको.

फरकही कमी कळतात. करड्या फरशीवरची करडी पायरी, स्टीलच्या भांड्यातलं पाणी, काळ्या चटईवरची काळी चप्पल. दवाखान्यातल्या तक्त्यावरची अक्षरं नीट वाचणारा माणूसही यात फसतो, कारण तक्ता पांढऱ्यावर काळा आणि भरपूर उजेडात असतो. जुन्या दगडी घरात जोत्याच्या कडेला आणि न्हाणीच्या उंबऱ्याला पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा चार बोटं रुंद पट्टा ओढला, माडीच्या जिन्यावर चांगला दिवा लावला आणि वाचायचा दिवा डोक्यामागे न ठेवता बाजूने थेट कागदावर पाडला, तर पडून मोडलेल्या खुब्यांची संख्या कमी होईल. खर्च किती? एक डबा रंग आणि दोन दिवे.

मोतीबिंदू: आत काय घडतं

भिंग हा शरीरातला विलक्षण अवयव आहे. त्यात रक्तवाहिनी नाही, असती तर त्यातून पलीकडचं दिसलं नसतं. त्याच्या आतल्या पेशींनी पारदर्शक राहण्यासाठी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं, त्यामुळे त्यांना नवीन प्रथिनं बनवता येत नाहीत. नवे थर बाहेरून चढत राहतात, जुने आत दाबले जातात, पण टाकून काहीच दिलं जात नाही. म्हणून भिंगाच्या मध्यभागी असलेली प्रथिनं आपण आईच्या पोटात असतानाची असतात. सत्तर वर्षं ऊन, साखर, धूर सगळं सोसत ती तिथेच बसलेली असतात.

ही प्रथिनं सुटी आणि दाटीवाटीने, पण शिस्तीत असतात, तोवर प्रकाश आरपार जातो. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने त्यांची घडी बिघडते, ती एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि गुठळ्यांवर आपटून प्रकाश विखुरतो. अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना पारदर्शक असतो आणि तापला की पांढराफेक होतो, तसाच हा प्रकार आहे, फक्त भिंगाला तापायला पन्नास-साठ वर्षं लागतात. आणि उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब, मध, कांद्याचा रस यांवर पैसे आणि डोळे घालवू नयेत ते यासाठी. आज तरी त्यावर शस्त्रक्रिया हाच इलाज आहे.

मधुमेह, विडी-सिगारेट, चुलीचा धूर, वर्षानुवर्षांचं कडक ऊन, डॉक्टरांच्या देखरेखीविना घेतलेली स्टेरॉइडं यांनी हे लवकर होतं. उसात आणि तंबाखूच्या रानात दिवस काढणाऱ्याला ऊन चुकत नाही. निदान मोठ्या काठाची टोपी किंवा पदर कपाळावर पुढे ओढलेला असावा.

रंगही बदलतात, पण इतके सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. पिवळसर भिंग निळा भाग गाळून टाकतं. पांढरं धोतर मळकट दिसतं, गडद निळं आणि काळं लुगडं सारखंच वाटतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना 1912 साली मोतीबिंदूचं निदान झालं आणि 1923 साली शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळातली त्यांची चित्रं तांबड्या-पिवळ्या गढूळ रंगांत बुडालेली आहेत. शस्त्रक्रियेनंतर आपल्याकडची माणसं पट्टी सुटल्यावर पुष्कळदा पहिलं बोलतात ते निळ्या रंगाबद्दल.

“पिकू दे” हा सल्ला कुठून आला

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये, असं आपली जुनी माणसं सांगत. त्या काळी ते बरोबर होतं. तेव्हा गढूळ भिंग बाहेर काढत आणि त्या जागी काही घालत नसत. मग दहाच्या आसपास नंबरचा जाडजूड चष्मा लागे, त्यातून वस्तू पंचवीस-तीस टक्के मोठ्या दिसत, कडेच्या वस्तू एकदम उगवत आणि नाहीशा होत. अशी नजर घेण्यापेक्षा आहे ती पुरती जाईपर्यंत थांबलेलं बरं, हा हिशोब होता.

तशा काळात आपल्या भागात एका माणसाने अचाट काम केलं. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीचे डॉ. मुरिगेप्पा चन्नवीरप्पा मोदी. गावोगाव नेत्रशिबिरं भरवून, शाळेच्या वर्गात आणि मांडवात ते शस्त्रक्रिया करत. एका दिवसात 833 मोतीबिंदू काढल्याची त्यांच्या नावावर नोंद आहे. 2005 साली ते गेले. डॉक्टर गावात येतात आणि आंधळा माणूस स्वतःच्या पायांनी घरी जातो, हे दृश्य कन्नड आणि मराठी दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांच्या ओळखीचं झालं, त्यात या शिबिरांचा वाटा मोठा. बेळगावहून रेल्वेने मिरजेच्या मिशन दवाखान्यात जायची रीतही जुनी आहे.

हिशोब बदलला तो कृत्रिम भिंगाने. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या खिडकीचे प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, आणि डोळ्याने ते वर्षानुवर्षं निमूटपणे आत ठेवून घेतले, हे लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी पाहिलं. त्याच प्लॅस्टिकचं भिंग त्यांनी 1949 साली पहिल्यांदा डोळ्यात बसवलं. आता भिंगाच्या पातळ पिशवीला भोक पाडून आतला गढूळ गर काढतात, पिशवी तशीच ठेवतात आणि तिच्यात नवं भिंग सरकवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून ही भिंगं भारतात स्वस्तात बनवायला घेतली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली.

म्हणून आज पिकायची वाट पाहण्यात काहीच फायदा नाही. कामात अडथळा येऊ लागला की तीच वेळ. उलट फार पिकलेलं भिंग कडक होतं, शस्त्रक्रिया अवघड जाते, आणि फुगून किंवा पाझरून ते डोळ्यातला दाब एकाएकी वाढवू शकतं. थंडीतच करायची, उन्हाळ्यात नको, यालाही आता आधार राहिलेला नाही. 2015 ते 2019 या काळातल्या देशव्यापी पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाच्या दोन तृतीयांश प्रकरणांत कारण मोतीबिंदूच निघालं. इलाज माहीत आहे, वीस-पंचवीस मिनिटांचा आहे, सरकारी दवाखान्यात मोफत होतो, तरीही. याचं वाईट वाटतं.

काही वर्षांनी पुन्हा धूसर झालं की लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. आत ठेवलेली पिशवी मागच्या बाजूने गढूळ होते. लेझरने तिच्यात झरोका पाडला की काही मिनिटांत काम होतं.

अर्धं पाहणं मेंदूचं

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उभ्या असलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्याकडे लक्ष द्या. मराठी पेपर तो अजून वाचतो, पण बसवरची कन्नड पाटी त्याला लागत नाही, शेजारच्याला विचारावं लागतं. तरुणपणी तो तीच पाटी वाचत होता. अंतर आणि वेग हे कारण आहेच, पण आणखी एक आहे. धूसर अक्षर आपण निम्मं पाहतो आणि निम्मं ओळखतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक दिसला नाही तरी लहानपणापासून मुरलेला शब्द मेंदू पुरा करतो. मागाहून शिकलेल्या लिपीत ही पुरवणी तोकडी पडते. कन्नड शाळेतून आलेल्या आजोबांची मराठी पाट्यांपुढे अशीच अडचण होते.

मेंदूची ही सवय किती पक्की आहे ते स्वतः पाहा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणा. फूटभर अंतराच्या आसपास ठिपका नाहीसा होईल. त्याच्या जागी खड्डा दिसणार नाही, भोकही दिसणार नाही. तिथे कोरा कागद दिसेल. डोळ्याची नस पडद्यातून बाहेर पडते त्या जागी पाहणाऱ्या पेशीच नाहीत, आणि ती रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने सारवून टाकतो. जन्मभर आपल्याला ती जाणवलेली नसते.

काचबिंदू: जे गेलं तेच कळत नाही

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सारखी असल्यामुळे फार घोटाळा होतो. काचबिंदूत भिंगाचा संबंध थोडा, नसेचा जास्त. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होतं आणि पारपटल व बुबुळ यांच्यामधल्या कोपऱ्यातल्या चाळणीतून निचरून रक्तात जातं. हे अश्रूंचं पाणी नव्हे, आतलं. निचरा कमी झाला की दाब वाढतो. साधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठीक धरतात, पण काही डोळ्यांच्या नसा त्या मर्यादेतही दुबळ्या पडतात, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नस बघावी लागते.

एका नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते हळूहळू मरतात आणि बहुधा कडेच्या नजरेपासून सुरुवात होते. इथे मेंदूची सारवासारव घातक ठरते. गेलेल्या भागात काळं काही दिसत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेली मेंदू. माणूस समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, पण दाराच्या चौकटीला खांदा घासतो, बाजूने आलेली मोटारसायकल त्याला अंगावर आल्यावर दिसते, जेवताना डावीकडची वाटी लवंडते. घरचे धांदरट म्हणतात. समोरचं दिसेनासं होईपर्यंत बहुतेक तंतू गेलेले असतात, आणि मेलेला तंतू कुठल्याही औषधाने, शस्त्रक्रियेने जिवंत होत नाही. थेंब, लेझर, शस्त्रक्रिया हे सगळं उरलेलं राखण्यासाठी आहे. नजर सुधारली नाही म्हणून थेंब सोडून देणारे रुग्ण पुष्कळ. थेंबांचं काम सुधारण्याचं नव्हतंच.

आई, वडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दरवर्षी डोळे दाखवावेत. दुसरी गोष्ट आपल्या भागाची. तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या कामात धुळीने डोळे चुरचुरतात, लाल होतात, पाणी येतं. मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या एखाद्या बाटलीने एका दिवसात आराम पडतो आणि मग तीच बाटली महिनोन्‌महिने चालते. अशा थेंबांत स्टेरॉइड असेल तर काही जणांच्या डोळ्यातला दाब चढतो आणि काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. चिठ्ठीविना आणलेला थेंब डोळ्यात घालू नये. धूळ गेली तर डोळे स्वच्छ पाण्याने धुणं आणि हाताने न चोळणं चांगलं.

आणि कागद जपावेत. काचबिंदूचं निदान आणि उपचार मागच्या तपासणीशी तुलना करून ठरतात. आपली माणसं कधी बेळगाव, कधी कोल्हापूर, कधी मिरज असं जातात. दर ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि जुना पेटीत राहतो. कडेच्या नजरेच्या, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या, तपासणीचे जुने कागद आणि थेंबांच्या नावांची यादी एका पिशवीत घालून दर वेळी बरोबर न्यावी.

चौकट: त्याच दिवशी दवाखाना गाठा

एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, किंवा एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटलं.
डोळ्यापुढे एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस आणि कडेला वीज चमकल्यासारखं. एखाद-दुसरा जुना तरंगणारा ठिपका वयाचा असतो. पण एकाएकी आलेला हा पाऊस पडदा फाटल्याचं लक्षण असू शकतो.
डोळा लाल, ठणका, दिव्याभोवती रंगीत कडी, डोकेदुखी आणि उलटी. पित्त समजून झोपून राहू नये. दाब एकदम वाढलेला असू शकतो.
उसाच्या पाल्याने पारपटलाला चीर पडली. बुरशी शिरून डोळा जाऊ शकतो. स्वतःहून कुठलाही थेंब घालू नये.
मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणं वाढलं किंवा दिसणं कमी झालं.

साखर आणि पडद्याचा मधला ठिपका

मधुमेहात पडद्यावरच्या केसासारख्या रक्तवाहिन्या झिरपतात, बुजतात, मग नव्या कमकुवत वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्त सांडतं. यातला बराचसा प्रवास नजर चांगली असतानाच होतो. म्हणून मधुमेह निघाला की दिसत असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. एक साधी सूचना: साखर चढ-उतार करत असताना भिंग पाणी धरतं आणि नंबर बदलतो, त्यामुळे साखर ताब्यात येऊन काही आठवडे गेल्यावरच नवा चष्मा करावा, नाहीतर पैसे वाया.

पडद्याच्या मध्यभागी जो बारीक नजरेचा ठिपका आहे, तो काही जणांत वयाबरोबर झिजतो. काचबिंदूच्या उलट इथे मधलं जातं आणि कडेचं राहतं. अशी आजी घरभर न अडखळता फिरते, पण समोर बसलेल्या नातीचा चेहरा तिला दिसत नाही. खिडकीच्या गजाकडे एका वेळी एकाच डोळ्याने बघावं. सरळ गज वाकडे किंवा मध्येच तुटलेले दिसले तर लगेच दाखवावं, कारण या आजाराच्या एका प्रकारात डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी नजर टिकवता येते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार कितीतरी जास्त दिसतो.

आजीला माणसं दिसतात

नजर बरीच गेलेल्या काही म्हाताऱ्या माणसांना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. भिंतीवर वेलबुट्टी, अंगणात फेटे बांधलेल्या माणसांची रांग, पलंगाच्या पायथ्याशी उभी लहान मुलं. आकृत्या स्पष्ट असतात, पुष्कळदा आजीला दिसणाऱ्या खऱ्या माणसांपेक्षाही स्पष्ट. त्या बोलत नाहीत. घरात कुजबुज सुरू होते, बाहेरचं काही लागलंय का, डोकं फिरलं का, आणि देवऋष्याकडे खेटे सुरू होतात. पुष्कळ माणसं या भीतीने कुणाला सांगतच नाहीत.

जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी 1760 साली आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं. आजोबांची बुद्धी शाबूत होती, मोतीबिंदूने नजर गेली होती, आणि त्यांना माणसं, पाखरं, इमारती दिसत. हा प्रकार बोने यांच्याच नावाने ओळखला जातो. कागदावरचा ठिपका सारवणारा मेंदूच इथे काम करतो आहे. डोळ्याकडून येणारी माहिती आटली की पाहण्याचं काम करणारा मेंदूचा भाग रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं उभी करतो. मतिभ्रम झालेल्या माणसाला ती खरी वाटतात. या माणसांना बहुतेकदा माहीत असतं की तिथे कुणी नाही.

अशा आजीला पहिल्यांदा सांगायचं ते हे, की तुझं डोकं ठिकाणावर आहे. दिवा लावणं, नजर झपाझप इकडून तिकडे फिरवणं, उठून जागा बदलणं याने आकृत्या पुष्कळदा जातात आणि काळ जाईल तसं काहींत त्यांचं येणंही कमी होतं. आवाजही ऐकू येत असतील, किंवा ती माणसं खरी आहेत असा तिचा हट्ट असेल, तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं. आणि डोळे तर तपासायलाच हवेत, कारण ही चित्रं दिसतात त्यांतल्या कित्येकांच्या डोळ्यात काढण्याजोगा मोतीबिंदू तसाच राहून गेलेला असतो.